पावसाळ्यानंतर घोडा लगेच दमतो, चंदी (दाण्याचा खुराक) वाढवू का?

प्रश्न: माथेरानला आमचा घोडा आहे, पावसाळाभर बांधूनच होता, आता चढावर लगेच धापा टाकतो. चंदी वाढवू का?

उत्तर: नको दादा, काम कमी आणि दाणा जास्त झाला की पोटशूळ उठतो, त्यात घोडा जातो सुद्धा. आधी दोन आठवडे सपाटीवर नुसता चालवा, मग थोडी दुडकी (हळू धाव), चढ सगळ्यात शेवटी. मुकं जनावर आहे हो, म्हणून जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजत जा, आरामात मिनिटाला २८ ते ४४ ठोके असतात, काम थांबवून १० मिनिटांनी पण ६० च्या वरच असेल तर त्या दिवशी बास, खोगीर उतरवा. नाल ६-८ आठवड्यांनी बघून घ्या. उभ्या उभ्या पण खोकत असेल तर डॉक्टरला आजच दाखवा.