लेकीची उंची आणि घरातलं भांडण

प्रश्न : ताई, आम्ही गोव्यात साखळीजवळच्या एका गावात राहतो. आमची मुलगी ६ वर्षांची, पहिलीत आहे. उंची १०१ सेंटीमीटर. जन्मली तेव्हा दिवस पूर्ण भरले होते, तरी वजन २ किलो १०० ग्रॅमच होतं. गेल्या वर्षभरात ती जेमतेम साडेतीन सेंटीमीटर वाढली. माझी उंची १५४, यांची १६८. पणजीच्या डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढला, तर हाडांची वाढ ४ वर्षांच्या मुलीएवढीच, म्हणजे 'हाडांचं वय' ४ वर्षांचं निघालं. थायरॉइड नॉर्मल आहे. आता गुणसूत्रांची आणि ग्रोथ हार्मोनची, म्हणजे वाढीच्या हार्मोनची, तपासणी करायला सांगितलीय. गरज पडली तर रोज रात्री त्याच हार्मोनचं इंजेक्शन, तेही कित्येक वर्षं, आणि खर्च महिन्याला बारा हजारांच्या आसपास. हे म्हणतात, 'मीसुद्धा दहावीनंतरच वाढलो, पोरीला सुया कशाला?' सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीला उंची काय करायचीय. नणंद म्हणते, पुढे लग्नात अडेल. दीर सांगतात, ते औषध प्रेतातून काढतात. मला रात्री झोप लागत नाही. माझ्या भीतीपायी मी लेकीला छळते आहे का?

उत्तर :

बाय, तुम्ही सगळे ज्या गोष्टीवरून भांडताय, ती अजून तुमच्यापुढे आलेलीच नाही. इंजेक्शन द्यायचं का, असं डॉक्टरांनी अजून विचारलेलंच नाही. त्यांनी तपासण्या सांगितल्यात. नवऱ्याला एवढंच सांग की तपासणीला हो म्हटलं म्हणून औषधाला हो म्हटल्यासारखं होत नाही. पण तपासण्या मात्र करा, आणि चवथ होऊ दे, शिगमो होऊ दे असं करत लांबवू नका.

का, ते सांगते. वर्गात एखादं मूल सगळ्यांत लहान दिसतं, तेवढ्यावरून काही ठरत नाही. पाहायचा तो वाढीचा वेग. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत मूल साधारण वर्षाला ५ ते ६ सेंटीमीटर वाढतं. तुझी लेक साडेतीनवर आहे. दुसरं, आईबापांच्या उंचीवरून मुलीची मोठेपणी उंची साधारण किती व्हावी याचा एक सोपा हिशेब आहे. दोघांच्या उंचीची बेरीज करायची, तिच्यातून १३ वजा करायचे आणि निम्मे करायचे. तुमच्या घरी तो आकडा येतो १५४.५ सेंटीमीटर, म्हणजे तुमचं घराणं काही खुजं नाही. ती जितकी मागे आहे, तितकं घराण्यावर ढकलता येणार नाही.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. उशिरा वाढणारी माणसं असतात, त्यांच्या मुलांच्या हाडांचं वयही मागे असतं आणि पुढे ती बरीच भरपाई करतात. पण अशी मुलं सहसा लहानपणीही आपल्या संथ लयीत वर्षाला ५ सेंटीमीटरच्या आसपास वाढत राहतात. म्हणून आधी मापच पक्कं करून घ्या. शाळेच्या कार्डावरचं माप आणि दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची खूण यांवर विसंबू नका. अनवाणी, वेण्या सोडून, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर, आणि शक्यतो दर वेळी त्याच दवाखान्यात. सहा महिन्यांतून एकदा पुरे. दर आठवड्याला तिला भिंतीशी उभं करू नकोस, पोरं आपल्या चेहऱ्यावरची निराशा वाचतात.

आता ती गुणसूत्रांची तपासणी. मुलगी कारण न कळता खुजी राहिली तर ही करायलाच हवी. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला टर्नर सिंड्रोम असतो. त्यात एक्स गुणसूत्र एकच असतं किंवा दुसरं अपुरं असतं. अशा काही मुलींमध्ये बाहेरून उंचीखेरीज काहीच दिसत नाही, पण हृदय, मूत्रपिंड आणि कान तपासावे लागतात, आणि वयात येताना वेगळी औषधं लागू शकतात. म्हणजे ही तपासणी उंचीपुरती नाहीच. सासूबाईंच्या बोलण्याचा मला राग येतो तो इथे. मुलगे खुजे दिसले की घरचे लवकर डॉक्टरकडे नेतात, मुलींना उशिरा नेतात, हे डॉक्टरांनी पुन्हापुन्हा नोंदवलंय. आणि नणंदेला सांग, सहा वर्षांच्या पोरीच्या लग्नाचा विषय या घरात आता नको.

दिरांचं म्हणणं एके काळी खरं होतं. पूर्वी हे हार्मोन मृतांच्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून काढत. त्यातून काही जणांना मेंदूचा जीवघेणा आजार झाला आणि १९८५ साली ते बंद झालं. त्याच वर्षापासून प्रयोगशाळेत बनवलेलं हार्मोन मिळू लागलं. आज मिळतं ते तेच. त्यामुळे ती भीती मनातून काढून टाका.

तपासण्यांतून काय निघेल त्यावर पुढचं सगळं आहे. हार्मोनची कमतरता खरोखर निघाली, तर माझं मत स्पष्ट आहे : द्या. अशी मुलं पहिल्या वर्षी कधी कधी ८-१० सेंटीमीटर वाढतात, आणि जितकं लवकर सुरू होईल तितका फायदा जास्त. टर्नर निघालं तरी हेच. कमी वजनाने जन्मून ४ वर्षांपर्यंत उंचीची भरपाई न झालेल्या मुलांनाही हे औषध देतात, आणि तुझी लेक त्यातली असण्याची बरीच शक्यता आहे. जन्माची फाईल शोधून डॉक्टरांना दाखव, जन्मवेळची लांबी लिहिलेली असेल तर फारच बरं. गोव्यात आता मेस्सीचा दाखला सगळेच देतील. त्याला लहानपणी हे हार्मोन दिलं होतं हे खरं, पण त्याच्यात कमतरता सिद्ध झाली होती.

काहीच कारण निघालं नाही तर मात्र थांबून विचार करा. अशा मुलांनाही औषध देतात, पण पाच-सहा वर्षं रोज टोचून, म्हणजे सुमारे दोन हजार सुया टोचून, हाती साधारण ४ ते ६ सेंटीमीटर लागतात, कुणाला त्याहून कमी. त्यासाठी घर कर्जात घालणं मला पटत नाही. डोस वजनावर असतो, म्हणजे मूल वाढेल तसा खर्चही वाढतो. आजचे बारा हजार तेवढेच राहणार नाहीत. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, दुसरं मत घ्या. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्य विम्याचं) कार्ड असेल तर काय बसतं, काय नाही, ते आधीच लेखी घ्या. आणि उंची वाढवायच्या पावडरींवर एक रुपयासुद्धा घालवू नका. नाचण्याचं सत्व, मासे, अंडी जरूर द्या, पण त्यांनी हार्मोनची कमतरता भरून निघत नाही.

औषध सुरू झालंच तर रोजचं जगणं सांभाळता येतं. सुई बारीक आणि अगदी आखूड असते. इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही. पावसात तुमच्याकडे वीज जाते, चवथीला मूळ घरी जाल, तेव्हा थंड पेटी सोबत हवी. डोकं खूप दुखून उलट्या झाल्या, नजर अंधुक झाली, किंवा मूल लंगडायला लागलं, खुबा वा गुडघा दुखतो म्हणालं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वर्षभरात वेग वाढलाच नाही, तर औषध चालू का ठेवायचं, हे निःसंकोच विचारा.

लेकीला 'उंच होशील' असं वचन देऊ नकोस. 'तुझ्या अंगाला वाढायला जे लागतं ते कमी पडतंय का, ते पाहतोय' एवढं सांग. टोचल्यावर दुखत नाही असंही म्हणू नकोस, आज उजवी मांडी की डावी हे तिला ठरवू दे. आणि घरातल्यांनी तिला तिच्या वयाने वागवावं, उंचीने नाही. पहिलीतल्या मुलीला कडेवर घेणं बंद करा, बोबडं बोलणं बंद करा, दुकानातून साखर आणायचं, ताटं मांडायचं काम तिच्याकडे द्या.

तू तिला छळत नाहीस. वाढ अडली असेल तर ती ओळखायची वेळ हीच आहे.

हार्मोनची तपासणी सकाळी उपाशीपोटी होते, हार्मोन स्रवायला लावणारं औषध देऊन थोड्या थोड्या वेळाने रक्त घेतात, दोन-तीन तास सहज जातात. यातल्या काही औषधांनी मूल पेंगतं, रक्तदाब उतरतो. म्हणून तिला स्कूटरवर बसवून आणू नका, गाडी ठरवा आणि संपल्यावर द्यायला खाऊ जवळ ठेवा. नवऱ्याला त्या दिवशी रजा काढून सोबत यायला सांग, म्हणजे त्याचे प्रश्न तो डॉक्टरांना स्वतः विचारील.