हवाईत लाव्हाच्या दगडांत पपई पिकते, मग मुळशीच्या कातळावर का पिकू नये?

हवाईच्या पुना भागात काळ्या लाव्हाच्या ढिगांतून पपईच्या बागा उभ्या असलेला व्हिडिओ तुम्ही पाहिलात. सह्याद्रीही लाव्हाचाच आहे, तर मुळशीतल्या आपल्या कातळाच्या तुकड्यावर हे जमेल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी पुण्यात मृदाशास्त्र शिकवते आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तिथे माती नाही असं वाटतं, पण ती असते. दगड झिजून झालेली नसते, इतकंच. ताज्या लाव्हावर आधी दगडफूल उगवतं, मग भेगांतून नेचे आणि त्यांच्या मागोमाग ओहिआ लेहुआ हे लाल फुलांचं झाड. त्यांची पानं, काटक्या, मेलेली मुळं दगडांच्या फटींत पडतात, कुजतात, साचत राहतात. ‘आ-आ’ प्रकारच्या लाव्हाचे खडबडीत तुकडे एकमेकांवर सैल पडलेले असतात, त्यांच्यामधल्या पोकळ्या या कुजलेल्या पाल्याने भरतात. ‘पाहोइहोइ’ लाव्हा गुळगुळीत आणि सलग असतो, तिथे पाल्याचा थर वरच बसतो आणि बऱ्याच ठिकाणी तो जेमतेम वीतभर असतो. अमेरिकी वर्गीकरणात या जमिनींना फोलिस्ट म्हणतात. बहुतेक सेंद्रिय जमिनी दलदलीत तयार होतात, कारण पाण्याखाली हवा नसल्याने पाला पुरता कुजत नाही. फोलिस्टमध्ये पाणी थांबतच नाही, सरळ खाली निघून जातं. तरीही त्या सेंद्रिय थरात वजनाने किमान 20 टक्के सेंद्रिय कर्ब असतो. आपल्या काळ्या जमिनीत तो बहुधा एक टक्काही भरत नाही.

आपल्याकडे काय झालं? दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. सखल भागात त्याची झीज होऊन चिकणमाती झाली, तीच उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन. आणि त्या जुन्या लाव्हातल्या पोकळ्या पाल्याने भरल्या नाहीत, खनिजांनी भरल्या. वाघोलीच्या दगडखाणींत मिळणारे झिओलाइटचे स्फटिक आणि तो सुंदर निळा कॅव्हनसाइट अशा पोकळ्यांतूनच येतो. तुमच्या शेतातल्या कातळात पावसाचं पाणी मुरत नाही, त्यात या बुजलेल्या पोकळ्यांचाही वाटा आहे.

वयाइतकाच फरक पावसाच्या वाटणीचा आहे. पुनाजवळच्या हिलो शहरात वर्षाला सुमारे 3,200 मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीत त्याहून जास्त पडतो! पण हिलोत तो बारा महिने पडत राहतो, ताम्हिणीत चार. उरलेल्या आठ महिन्यांत आपला पाला वाळतो, वाळवी खाते, वणव्यात जळतो. हवाईतही कोरड्या बाजूला असंच होतं. कोना विमानतळ हुआलालाई ज्वालामुखीच्या 1801 च्या लाव्हावर बांधलेला आहे आणि दोनशे वर्षांनंतरही आसपासचा बराच लाव्हा उघडा, काळाच दिसतो. वरच्या उतारांवर, जिथे पाऊस बरा आहे, तिथे 1828 पासून कॉफी आहे.

नत्राची गोष्टही लक्षात घ्या, कारण तुमच्या कामाची आहे. लाव्हात स्फुरद, कॅल्शियम, पालाश असतात, नत्र जवळजवळ नसतं. ते हवेतून यावं लागतं, थोडं पावसाबरोबर, थोडं दगडफुलातल्या जिवाणूंकडून. म्हणून तरुण लाव्हावर झाडांची वाढ नत्रावाचून अडते. उलट काउआई बेटावर, जिथे जमीन 40 लाख वर्षांची आहे, झाडं स्फुरदावाचून अडतात. परिसंस्थाशास्त्रज्ञ पीटर व्हिटुसेक यांनी बेटांचं वय हाताशी धरून हे ज्या रीतीने दाखवलं, ते मला मृदाशास्त्रातलं सर्वांत देखणं काम वाटतं.

व्हिडिओत दाखवत नाहीत ते असं की पुनाचे शेतकरी बुलडोझरने लाव्हा फोडतात आणि खतं भरपूर देतात. पाल्याचा वीतभर थर एकदा उघडा पडून वाळला की हवेतच विरतो, आग लागली तर जमीनच जळते. ती पुन्हा घडायला शतकं जातात. मला याची खरोखर चिंता वाटते, कारण बुरशीजन्य रोगाने तिथली ओहिआची झाडंही मोठ्या प्रमाणावर मरत आहेत, आणि पाला पडतो तो मुख्यतः त्यांचाच.

आता तुमचा तुकडा. कातळावर थेट पपई लावू नका. हवाईत पाणी क्षणात झिरपून जातं, तुमच्या खळग्यांत ते जुलै-ऑगस्टभर साचेल आणि पपईची मुळं दोन-चार दिवसांतही सडू शकतात. मुळशी-भोरकडच्या एखाद्या देवराईत जाऊन बघा, दगडांच्या खाचांत मऊ, काळा पाला सापडेल. सतत सावली असली आणि कोणी पाला उचलून नेला नाही, तर आपल्याकडेही तो टिकतो. तेव्हा आधी बांधाला आणि जिथे थोडा मुरूम आहे तिथे गिरिपुष्प लावा, त्याच्या पाल्यातून नत्र मिळेल. करवंद असेल तर तोडू नका. खाचांत पालापाचोळा भरून वर दगड ठेवा, म्हणजे वाऱ्याने उडणार नाही, आणि जानेवारीच्या आत जाळपट्टा काढून घ्या. पपई हवीच असेल तर उतारावर दगडी ताल रचून, मुरूम आणि कुजलेला पाला भरून, गादीवाफ्यावर लावा. खाली पाणी निघून जायला वाट मात्र ठेवा.