वाचकांचे प्रश्न : जुन्या शहरातून पायी फिरताना

प्रश्न : आमच्या निवृत्त शिक्षकांच्या मंडळाने यंदाच्या हिवाळ्यात छत्रपती संभाजीनगरचा जुना भाग एखाद्या माहितगाराबरोबर पायी फिरून पाहण्याचे ठरवले आहे. वेरूळ-अजिंठ्याच्या सहली आम्ही वर्षानुवर्षे काढल्या, पण शहर मात्र दर वेळी बसच्या खिडकीतूनच पाहिले. ‘बावन्न दरवाज्यांचे शहर’ अशी त्याची ख्याती आहे. एका सकाळी त्यांतील किती दरवाजे पाहून होतील आणि फेरी कशी आखावी?
– एक वाचिका, जालना

उत्तर : दरवाजे मोजण्याचा बेत आधी बाजूला ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. उरलेले दरवाजे शहरभर विखुरलेले आहेत, त्यांपैकी बरेच वाहत्या रस्त्यांवर आहेत आणि तिसऱ्या-चौथ्या कमानीनंतर पहिली कशी होती हे कोणालाच आठवत नाही. पायी फेरीला एक सूत्र लागते. जुन्या शहरापुरते माझ्या मते ते सूत्र पाणी हेच असावे.

कारण असे की, 1610 मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी या गावाच्या जागी राजधानी वसवायला घेतली, तेव्हा उत्तरेला डोंगर आणि जवळून वाहणारी खाम नदी एवढाच काय तो जलाचा आधार होता. लष्कर, बाजार, कारागीर आणि त्यांची कुटुंबे एवढ्या पाण्यावर जगणे शक्य नव्हते. मलिक अंबर हा मूळचा हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस स्वतःच्या कर्तबगारीने वजीरपदापर्यंत पोहोचला आणि त्याच्या गनिमी युद्धाइतकेच मोठे त्याचे काम म्हणजे त्याने आणलेली नहर. उत्तरेकडील डोंगरउतारात मुरलेले पाणी जमिनीखालच्या मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, कोणतेही यंत्र न लावता वस्तीत आणले गेले. तिला ‘नहर-ए-अंबरी’ म्हणतात. 1626 मध्ये मलिक अंबर वारला, त्याचा मुलगा फत्तेखान याच्या नावावरून गाव फत्तेनगर झाले, 1653 मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून येथे आला आणि त्याचे औरंगाबाद झाले, 1682 मध्ये तटबंदी उभी राहिली. धनी बदलले, नावे बदलली, पण नहरींचे जाळे पुढील राजवटींनीही वाढवतच नेले.

म्हणून आपली फेरी पाणचक्कीपासून सुरू करावी. बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफी संतांच्या दर्ग्याचा हा परिसर. येथे येणाऱ्या यात्रेकरूंसाठी आणि फकिरांसाठी दळण दळायला ही चक्की बसवली होती. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या भाजलेल्या नळांतून येथे येते, चुनेगच्चीत बांधलेल्या उंच भिंतीवर चढते आणि तेथून खाली पडताना चाकाच्या पात्यांवर आदळून जाते फिरवते. पाणी ‘चढते’ असे म्हटले की आपल्या मंडळातील विज्ञानाचे शिक्षक लगेच थांबतील, आणि त्यांनी थांबावेच. उगम या भिंतीपेक्षा उंचावर आहे, बंद नळातून येणारे पाणी त्या उंचीच्या जोरावर वर सरकते. वर्गात फळ्यावर शिकवलेला हा नियम येथे गेली तीन शतके प्रत्यक्ष राबतो आहे.

चक्कीसमोर लांबरुंद हौद आहे. बहुतेक लोक त्यातले मासे पाहून निघून जातात. आपण मात्र माहितगाराला या हौदाच्या खालच्या दालनाविषयी अवश्य विचारावे. वरच्या हौदाचा तळ म्हणजेच त्या दालनाचे छत. भर उन्हाळ्यात डोक्यावर पाणी साठवून खालची जागा गार ठेवण्याची ही युक्ती ज्या कारागिरांनी काढली, त्यांची नावे इतिहासाने जपली नाहीत. त्यांचे काम तरी आपण थांबून पाहिले पाहिजे.

तेथून महेमूद दरवाजा पाहून भडकल दरवाज्याकडे चालत यावे. मोगलांवरील विजयाची खूण म्हणून मलिक अंबरने तो 1612 मध्ये बांधला. औरंगजेबाच्या तटबंदीहून हा दरवाजा सत्तर वर्षांनी वडील आहे. एवढा एकच दरवाजा नीट पाहावा. कमानीखाली उभे राहून वर पाहावे, भिंतींची जाडी हाताने अजमावावी आणि मगच पुढे निघावे. जवळच नौखंडा महालाची जागा आहे. तोही मलिक अंबरचाच. पुढे जुना बाजार, सिटी चौक, मग गुलमंडी. दुकाने उघडण्यापूर्वी येथून गेलात तर पाट्या आणि टांगलेल्या मालाआड एरवी झाकली जाणारी जुनी लाकडी कामे आणि वरचे मजले डोळ्यांत भरतात. गुलमंडीवर सुपारी हनुमानाचे दर्शन घेऊन टिळक पथाने पैठण गेटपाशी फेरी संपवावी.

शेवट पैठण गेटपाशीच का, तर या दरवाज्यातून दक्षिणेला जाणारी वाट पैठणला, गोदावरीवर पोहोचते. जायकवाडीचे धरण 1976 मध्ये पूर्ण झाले आणि आज हे शहर त्याच नाथसागराचे पाणी पिते. जुने पाणी उत्तरेच्या डोंगरातून आपल्या पायांनी उतरत होते, आजचे पाणी दक्षिणेकडून विजेच्या पंपांनी चढवावे लागते. फेरीच्या दोन टोकांना ही दोन पाणी उभी राहिली की शहराचा चारशे वर्षांचा हिशेब समोर मांडला जातो. टँकरची वाट पाहणे काय असते हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही, त्यामुळे ही गोष्ट आपल्या मंडळींना इतर कोणाहूनही लवकर भिडेल.

व्यवस्थेबाबत थोडक्यात : ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. सकाळी लवकर निघून ऊन तापण्याआधी संपवावे. बारा-पंधरांहून अधिक माणसे असतील तर दोन गट करावेत, म्हणजे ध्वनिक्षेपकाची गरज पडत नाही. लोकांच्या दारात उभे राहून कर्णा लावणे मला मुळीच प्रशस्त वाटत नाही. दर्ग्यात आणि मशिदीत पादत्राणे काढावीत, डोके झाकावे, नमाजाच्या वेळा आणि शुक्रवारची दुपार टाळावी. ओट्यावर बसलेल्या माणसांची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय काढू नयेत. माहितगार ठरवताना त्याला एवढेच विचारावे की, तो कोणत्या गल्लीतून नेणार आणि तेथे त्याला कोण ओळखते. ज्याला चार ओट्यांवरून ‘या, बसा’ अशी हाक येते, तो माणूस निवडावा.

प्रश्न : मी महाविद्यालयात इतिहास शिकतो. मित्रांबरोबर अशाच एका फेरीला गेलो असता आमच्या गाईडने सांगितले की, पाणचक्कीजवळून थेट दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत भुयार जाते आणि त्यातून घोडेस्वार ये-जा करीत. सर्वांनी माना डोलावल्या. मला शंका आली, पण ज्येष्ठ माणसाला कसे टोकावे हे कळले नाही. अशा कथा खऱ्या असतात का?
– एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : भुयाराची ही कथा खरी मानण्यास काहीही आधार नाही. दौलताबाद येथून सुमारे 15 किलोमीटर दूर आहे. एवढ्या लांबीच्या, घोडा जाईल एवढ्या रुंदीच्या भुयाराला हवेची सोय, पाण्याचा निचरा आणि डागडुजी यांसाठी जी बांधकामे लागली असती, त्यांचा माग कोठेच नाही.

तरीही ही कथा हसण्यावारी नेऊ नये. माझा तर्क असा आहे की, तिच्या मुळाशी नहरच आहे. नहरीचा मार्ग जमिनीखालून जातो, आत उतरून गाळ काढता यावा म्हणून त्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी तोंडे ठेवलेली असत आणि काही ठिकाणी माणूस आत वावरू शकेल एवढी ती मोठी असे. पाणी आटल्यावर, उपयोग विसरला गेल्यावर, असे अंधारे तोंड पाहणाऱ्या पोराला ते भुयारच वाटणार. मराठवाड्यात किल्ला आणि देऊळ जवळजवळ असले की त्यांना जोडणारे भुयार गावोगाव सांगितले जाते; येथे निदान जमिनीखाली खरोखरच काहीतरी होते.

ज्येष्ठांना टोकण्याची गरज नसते. ‘काका, हे कुठे लिहिलेले आहे का?’ एवढे नम्रपणे विचारावे. काही गोष्टी खरोखरच लिहिलेल्या असतात. बीबी का मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावर अताउल्ला आणि हंसपत राय या दोघांची नावे कोरलेली आहेत. एकाने आराखडा केला, दुसऱ्याने बांधकाम उभे केले. गाईडने तो लेख बोटाने दाखवला की ती माहिती झाली, आणि ‘असे म्हणतात’ या शब्दांनी सुरुवात केली की ती आख्यायिका झाली. दोन्ही ऐकाव्यात, वहीत मात्र वेगवेगळ्या पानांवर लिहाव्यात.

प्रश्न : वय 71, गुडघ्यांचा त्रास आहे. घरचे म्हणतात, तुम्ही हॉटेलात थांबा. जावे की न जावे?
– एक वाचक, लातूर

उत्तर : अवश्य जावे. पाणचक्कीचा परिसर सावकाश पाहावा, तेथे बसायला जागा आहे. मधला टप्पा रिक्षाने करावा आणि गुलमंडीवर मंडळींना पुन्हा गाठावे. जुन्या बाजारात रस्ता उंचसखल आहे, म्हणून चप्पल नको, बूट घालावेत आणि काठीला लाजू नये.

प्रश्न : आम्ही काही तरुण अंबाजोगाईत अशी पायी फेरी सुरू करू इच्छितो. लोक म्हणतात, ‘देवीच्या दर्शनाला येतील ते दर्शन घेऊन जातील, गल्ल्या पाहायला कोण थांबणार?’ सुरुवात कशी करावी?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपल्या गावाइतके ऐवज असलेली गावे थोडी आहेत. योगेश्वरीला कुलदेवता मानणारी कुटुंबे थेट कोकणातून येतात, आद्यकवी मुकुंदराजांची समाधी येथे आहे, हत्तीखाना म्हणून ओळखली जाणारी लेणी आहेत, निजामाच्या काळात गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि येथे घोडदळाची छावणी होती, पुढे स्वामी रामानंद तीर्थ याच गावात शिक्षक होते. हे सगळे एका सकाळी सांगू गेलात तर मात्र काहीच सांगून होणार नाही.

येथेही एकच सूत्र धरावे. मी असतो तर ‘लिहिलेले गाव’ हे सूत्र घेतले असते. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख येथे आहेत. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत मारला गेला आणि रामाची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ मंदिर बांधले, असे 1240 चा लेख सांगतो. बहिणीने भावासाठी दगडावर लिहून ठेवलेले हे दुःख ऐकल्यावर कोणीही घाईने बसस्थानकाकडे निघणार नाही. त्याच गावात मुकुंदराजांची परंपरा, आणि त्याच गावात दासोपंतांनी सुमारे 40 फूट लांबीच्या खादीच्या कापडावर लिहिलेली ‘पासोडी’. दगडावर, पोथीत आणि कापडावर लिहिणारे हे गाव आहे, एवढे सूत्र दोन तासांना पुरून उरेल.

सुरुवात पाहुण्यांपासून करू नये, गावातल्यांपासून करावी. पहिल्या फेरीला शाळेतील नववी-दहावीची मुले आणि त्याच गल्लीत राहणारी वडीलधारी माणसे बोलवावीत. आजोबा चुकीचे सांगतील तेथे मुले विचारतील, मुले चुकतील तेथे आजोबा सांगतील आणि आपली टाचणे आपोआप तयार होतील. पासोडी, पोथ्या किंवा कोणाच्या वाड्याचा आतला चौक दाखवायचा असेल तर मालकांची परवानगी आधी घ्यावी, दर फेरीला नव्याने घ्यावी आणि त्यांनी एखाद्या दिवशी नाही म्हटले तर त्या दिवशी ते दार वगळून पुढे जावे.