८ महिन्यांचं बाळ घास थुंकतं, ऑनलाइन सल्ला कुठे मिळेल?

ताई, नवी चव लागली की जिभेने घास बाहेर ढकलणं या वयात सर्रास चालतं, लगेच नावड समजू नका. तोच पदार्थ ८-१० वेळा पुढे करावा लागतो. नाचणीचं सत्त्व चमच्यावरून ओघळणार नाही इतपत घट्ट शिजवा. पातळ पेजेने नुसतं पोट भरतं. तोंड फिरवलं की थांबा. आणि आजी कितीही म्हणाल्या तरी वर्षाच्या आत मध नाही.

सरकारच्या ई-संजीवनीवर व्हिडिओ कॉलने डॉक्टर मोफत भेटतात. आधी अंगणवाडीत वजन करून घ्या, पहिला प्रश्न तोच येतो. वजन वाढत नसेल, खाताना गुदमरत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर फोन ठेवून थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा. व्हॉट्सॲपवरचे ‘आमच्या पिंट्याला हेच चाललं’ छापाचे सल्ले करमणूक म्हणून वाचा.