गुरुवारचा चहा ठरवून टाक

प्रिय,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर चार मिनिटांत तू तीनदा म्हणालीस, "सगळं ठीक आहे, ताई." म्हणून हे पत्र.

एमएस्सीला वर्ग होता, परीक्षा सगळ्यांची एकाच दिवशी होती. पीएचडीला कोर्सवर्क संपलं की वर्गच मोडतो. नियमानं किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. त्यातली बरीचशी तू, तुझं टेबल आणि गाइड एवढ्यातच जातात. तुला एकटं वाटतंय, यात तुझं काही चुकलेलं नाही.

माझ्या तिसऱ्या वर्षी फेलोशिप सात महिने अडकली होती. खानावळीचे पैसे थकले, तशी मी एकच वेळ जेवायला लागले. कुणाला बोलले नाही, लाज वाटायची. एका रात्री शेजारच्या खोलीतली वनस्पतिशास्त्राची मुलगी डबा घेऊन आली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "माझीही अडकलीय गं." सात महिन्यांत पहिल्यांदा मी रडले आणि पोटभर जेवले.

तिथून आमचा गुरुवारचा चहा सुरू झाला. चौघी, चार विभागांच्या. हे फार महत्त्वाचं आहे बरं का: गाइड वेगळे असले की तुलना होत नाही आणि बोललेलं विभागात फिरत नाही. कुणी बोलायला लागली की आधी विचारायचं, "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" बहुतेक वेळा नुसतं ऐकणंच हवं असायचं. आता जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, महिना ३७,००० झालीय, पण ती उशिरा आली तर उसनवारी चुकत नाही. तेव्हा पैशांचंही तिथं मोकळेपणानं बोला.

मात्र मैत्रीनं सगळं पेलत नाही. कुणाची झोप आठवडेच्या आठवडे उडाली, "जगून काय करू" असं कुणी एकदा जरी म्हणालं, तर तिला एकटी सोडू नकोस. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, रात्री तीनलाही लागतो, मराठीत बोलता येतं. तूच लावून दे आणि शेजारी बसून राहा. हे तुझ्यासाठीही आहे. तसं वाटलं तर मला कितीही वाजता उठव.

कॅन्टीनमध्ये रोज एकटाच जेवणारा तो केमिस्ट्रीचा मुलगा, त्याच्याबद्दल तू मागे सांगितलं होतंस. या गुरुवारी त्याला चहाला बोलाव.

तुझी,
ताई