समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र एकत्र घेताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : बारावी कला झाली. समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र दोन्ही आवडतात. कॉलेजात सांगतात की एक मेजर आणि एक मायनर, असंच घ्यावं लागेल. निम्मं-निम्मं मिळत नाही का? आणि मेजर कोणता ठेवू?
— एक विद्यार्थिनी, बार्शी

निम्मं-निम्मं मिळत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांना २०२४-२५ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यातले किमान निम्मे मेजरचे (मुख्य विषयाचे), तर मायनरला (दुय्यम विषयाला) १८ ते २०. म्हणजे मायनर हा पदवीचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा. ‘दोन्ही विषयांत बी.ए.’ असं आपण बोलून जातो, पण गुणपत्रिका तसं म्हणत नाही.

मायनरची कसर ओपन इलेक्टिव्हमधून (खुल्या निवडीच्या विषयातून) भरून काढू, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. ते जमत नाही. राज्याच्या आराखड्यात ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, आणि हे दोन्ही विषय एकाच शाखेतले. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय समान पातळीवर घेऊन दुसऱ्या वर्षी मेजर-मायनर ठरवायची सोय आहे. तुमच्याकडे ती असेल तर घाई करू नका. दोन सत्रं दोन्हीकडे बसा, मग ठरवा.

मेजर कोणता, हे पुढं काय करायचंय यावर ठरवा. शाळेत शिकवायचं मनात असेल तर राज्यशास्त्र सोयीचं, कारण नववी-दहावीला ‘इतिहास व राज्यशास्त्र’ हा विषयच आहे. समाजशास्त्राला तिथं स्वतंत्र जागा नाही, ते अकरावीपासून येतं. स्वयंसेवी संस्था, आरोग्य किंवा ग्रामविकासाचे प्रकल्प, सर्वेक्षणाचं काम याकडे ओढा असेल तर समाजशास्त्र, कारण क्षेत्रकार्याची सवय तिथंच लागते. एम.ए.ची फार चिंता नको. बहुतेक विद्यापीठांत या दोन्ही विषयांच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळतो, त्यामुळे आजची निवड जन्माची नाही.

प्रश्न : ‘पंचायत राज’ दोन्ही विषयांच्या अभ्यासक्रमात आहे. एकच नोट्स काढून दोन्हीकडे वापरल्या. राज्यशास्त्रात बरे गुण पडले, समाजशास्त्रात मात्र उत्तराशेजारी ‘वर्णनात्मक’ असा शेरा. मजकूर तोच असताना असं का?
— द्वितीय वर्ष कला, परभणी

मजकूर तोच होता, हेच कारण. दोन्ही विषय एकाच ग्रामपंचायतीकडे बघतात, पण विचारतात वेगळं.

राज्यशास्त्राचा परीक्षक बघतो की सत्ता कुठून येते, कोणाकडे किती आहे आणि तिच्यावर लगाम कोणाचा. तिथं ७३ वी घटनादुरुस्ती (१९९२ ची, अंमल २४ एप्रिल १९९३ पासून) नुसती नोंदवून भागत नाही. कलम २४३(डी) खालचं आरक्षण, २४३(जी) आणि अकराव्या अनुसूचीतले २९ विषय, २४३(आय)... अशी कलमांची माळ ओवत बसण्यापेक्षा एक ताण पकडा. अनुसूचीत २९ विषय आहेत, पण ते सोपवायचे की नाही हे राज्य विधिमंडळाच्या हातात आहे. किंवा महाराष्ट्रातला सरपंच घ्या. २०१७ मध्ये सरपंचाची थेट निवडणूक आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. थेट निवडून आलेला सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या गटाचं, असं झालं की ठराव अडतात. पद मजबूत होतं, पंचायत अडखळते. हा झाला राज्यशास्त्राचा मुद्दा.

समाजशास्त्राचा परीक्षक दार उघडून आत कोण बसलंय ते बघतो. महाराष्ट्रानं २०११ मध्ये महिलांचं आरक्षण ५० टक्क्यांवर नेलं. खुर्ची मिळाली, पण सभेत बोलतं कोण? सरपंचबाईंच्या शेजारी नवरा बसतो, ग्रामसेवक कागद त्याच्याच पुढे सरकवतो, बाई सही करतात. या दृश्याचं स्पष्टीकरण कलमात नाही. ते घरातल्या श्रमविभागणीत, जमिनीच्या मालकीत, सोयरिकीच्या जाळ्यात आहे. इथं समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची ‘प्रबळ जात’ ही संकल्पना वापरायची. म्हैसूर भागातल्या रामपुरा या गावाच्या अभ्यासातून ती पुढं आली. संख्या, जमीन, राजकीय वजन आणि कर्मकांडाच्या उतरंडीत फार खाली नसलेलं स्थान हे तिचे घटक. शिक्षण आणि नोकऱ्या हाही श्रीनिवासांनी जोडलेला घटक. व्याख्या लिहून थांबलात तर परत ‘वर्णनात्मक’. आरक्षित जागेवर प्रबळ जातीतल्याच घराण्याची सून निवडून येते तेव्हा यातला कोणता घटक काम करतो आणि राखीव प्रवर्गातली बाई निवडून येते तेव्हा कोणता कमी पडतो, हे लिहा.

नोट्स काढायची पद्धत बदला. वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे नियम, संस्था, अधिकार. उजवीकडे नाती, गट, रोजचा व्यवहार. परीक्षेत एका विषयाला एक बाजू कणा म्हणून घ्या आणि दुसऱ्या बाजूचा एखादाच परिच्छेद शेवटाकडे द्या. दोन्ही बाजू सारख्या ओतल्या की उत्तर कोणत्याच विषयाचं राहत नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरही दोन्हीकडे येतो. राज्यशास्त्रात त्याची पारंपरिक, दिव्यवलयी (व्यक्तिमत्त्वाच्या मोहिनीवर उभी) आणि कायदेशीर-विवेकनिष्ठ अधिसत्ता राज्याच्या अधिमान्यतेसाठी वापरतात. समाजशास्त्रात तीच त्रयी त्याच्या सामाजिक क्रियेच्या प्रकारांशी जोडून दाखवावी लागते. ती जोडणी सोडणं ही नेहमीची चूक.

प्रश्न : दोन श्रेयांकांच्या फील्ड प्रोजेक्टसाठी ‘जात आणि मतदान’ हा विषय घ्यायचा आहे. किती लोकांना विचारावं, कसं निवडावं? सर म्हणाले, आपल्या वाडीतले पन्नास फॉर्म भरून आणा.
— दोघे विद्यार्थी, कराड

ओळखीच्या पन्नास घरांतून फॉर्म भरून आणले तर ते तुमच्या ओळखीचं सर्वेक्षण होईल. नमुना मतदार यादीतून काढा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर विधानसभा मतदारसंघाच्या याद्या भागवार मिळतात. तुमच्या गावचा एक यादी भाग उतरवून घ्या. समजा त्यात ९०० नावं आहेत. तुम्हाला ४० मुलाखती पूर्ण हव्यात, तर ६० नावं काढा, कारण काही जण पुण्या-मुंबईला असतात, काही वारलेले असतात, काही बोलत नाहीत. ९०० भागिले ६० म्हणजे १५. एक ते पंधरामधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा. सात निघाला तर ७, २२, ३७, ५२ असे पुढं जा. वगळलेल्या नावांवर आकडा पडला तर त्याची नोंद ठेवा.

इथून पुढं काम हमखास बिघडतं. निवडलेला माणूस घरी नाही म्हणून शेजाऱ्याला विचारायचं नाही. वेगवेगळ्या वेळी तीनदा जा, नाहीच भेटला तर ‘भेट नाही’ लिहा. बदली माणूस घेतला की नमुन्यात दिवसा घरी असणारेच साचतात. बाईचं नाव निघालं आणि ओट्यावर सासरे बसलेत, तर उत्तर सासऱ्यांचंच येतं. मुलाखतीला गटातली मुलगी पाठवा आणि आत बसून बोलू द्या.

कोणाला मत दिलं हे तोंडी विचारू नका. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या ‘लोकनीती’ उपक्रमाच्या निवडणूक अभ्यासांत नमुना मतपत्रिका वापरतात. पक्षांची नावं आणि चिन्हं छापलेली चिठ्ठी द्यायची, समोरच्याने खूण करून बंद डब्यात टाकायची. चिठ्ठीवर फक्त मुलाखतीचा संकेतांक, नाव नाही, आणि हे त्यांना आधीच सांगायचं. तरीही निकालानंतर विचारलं तर जिंकलेल्याला मत दिल्याचं सांगणारे वाढतात, हे अहवालात मान्य करा. जात शेवटी विचारा, वय-शिक्षणासोबत, आणि सांगितली तशी लिहून घ्या. ‘ओबीसी का?’ असा प्रश्न केला की माणूस हो म्हणून मोकळा होतो. प्रवर्ग तुम्ही नंतर लावा.

मुलाखती ऐन निवडणुकीत घेऊ नका. आयोगाने अधिसूचित केलेल्या काळात एक्झिट पोल घ्यायलाही लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२६अ खाली बंदी आहे. प्रोजेक्टसाठी ते अंगाशी आणायचं कारण नाही.

आता आकडे. चाळीस मुलाखतींत एक माणूस म्हणजे अडीच टक्के. जात, लिंग आणि पक्ष असा तिहेरी तक्ता केला की एकेका चौकटीत तीन-चार माणसं उरतात. तिथं ‘७५ टक्के महिलांनी’ असं लिहू नका, ‘चारपैकी तिघींनी’ लिहा. आणि ‘जात मत ठरवते’ हे गृहीतक चाळीस फॉर्मांना पेलत नाही. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी १९७० मध्येच हा प्रश्न उलटा करून दाखवला होता: राजकारण जातग्रस्त होतं असं म्हणण्यापेक्षा जातींचंच राजकीयीकरण होतं. तुमच्या गावापुरता प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, ग्रामपंचायतीला भावकी बघून मत देणारे विधानसभेलाही तसंच देतात का? तो एका यादी भागात तपासता येतो.

दोन श्रेयांकांचे साठ तास धरतात. दहा तास मुलाखत अनुसूची (विचारायच्या प्रश्नांचा फॉर्म) बनवायला आणि पाच जणांवर ती करून बघायला, पंचवीस गावात, दहा संकेतांकनाला (उत्तरांना आकडे देऊन त्यांचे गट लावायला), पंधरा लिहायला. पाच जणांची चाचणी टाळणाऱ्यांना तिसावा फॉर्म भरताना कळतं की चौथा प्रश्न कोणालाच समजत नाही.

प्रश्न : समाजशास्त्रात नियमित एम.ए. करते आहे. त्याच वेळी राज्यशास्त्रात दूरस्थ एम.ए. केलं तर चालतं का? पुढं दोन्ही विषयांत नेट द्यायची आहे.
— एक वाचक, नाशिक

चालतं. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे, एक नियमित आणि एक दूरस्थ असं धरून. पीएच.डी. त्यात येत नाही. दूरस्थ विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी यूजीसीची मान्यता आहे का, हे प्रवेशाआधी बघा.

अडचण येते ती वेळापत्रकाची आणि टक्क्यांची. उदाहरणार्थ, इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात, ज्या नियमित परीक्षांच्या आसपास येऊ शकतात. ज्या सत्रात टक्कर दिसते तिथले पेपर पुढं ढकला. तिथं उत्तीर्णतेला ४० टक्के पुरतात, पण नेटला, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला, एम.ए.त ५५ टक्के लागतात (राखीव प्रवर्गांना ५०). गृहपाठ हातासरशी उरकून दिले की टक्केवारी तिथंच घसरते, कारण गृहपाठाला ३० टक्के भार आहे.

नेटमध्ये दोन्ही विषय स्वतंत्र आहेत: राज्यशास्त्राचा संकेतांक ०२, समाजशास्त्राचा ०५. एका वेळी एकच विषय भरता येतो. पहिला पेपर मात्र सगळ्यांना तोच, ५० प्रश्न आणि १०० गुण. दुसऱ्याला १०० प्रश्न, २०० गुण, आणि उणे गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सोबत देत राहा.

प्रश्न : यूपीएससीला यातला कोणता वैकल्पिक घ्यावा?
— एक वाचक, लातूर

एकच घेता येतो. २५० गुणांचे दोन पेपर, एकूण ५००. राज्यशास्त्रासोबत आंतरराष्ट्रीय संबंध जोडलेले आहेत आणि दुसऱ्या पेपरचा मोठा भाग त्यातलाच. तो बातम्यांबरोबर हलतो, रोज वाचावा लागतो. बदल्यात सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरशी तो बराच जुळतो. समाजशास्त्राचा अभ्यासक्रम आटोपशीर आहे, पहिल्या पेपरचे दहाच घटक, आणि निबंधालाही कामी येतो. पण तो सोपा आहे म्हणून घेणारे तिथं सामान्यज्ञान लिहून येतात. गेल्या तीन वर्षांच्या दोन्ही विषयांच्या प्रश्नपत्रिका उघडा आणि प्रत्येकीतल्या दोन प्रश्नांची उत्तरं घड्याळ लावून लिहा. ज्या विषयात विचारवंताचं नाव आठवायला नव्हे तर मुद्दा मांडायला वेळ जातो, तो घ्या.