टाइम झोन बदलताना गोळ्यांचं काय करायचं?

पहिलंच लांबचं उड्डाण आहे ना, मग भिंतीवरच्या घड्याळापेक्षा दोन डोसमधले तास मोजा. पूर्वेकडे जाताना दिवस आखूड होतो, पश्चिमेकडे लांबतो. गोंधळ होतो तो इथेच. दिवसातून एकदाच घ्यायच्या बऱ्याच गोळ्या रोज तास-दोन तास सरकवत नव्या वेळेवर आणता येतात. इन्सुलिन, फिट्सच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या औषधांना मात्र हा हिशेब लावू नका. डॉक्टरांना तिकीट दाखवून वेळापत्रक लिहूनच घ्या. गोळी घेतली की लगेच फोनमध्ये नोंद करा. अर्धवट झोपेत 'घेतली की नाही?' असा प्रश्न पडतोच, आणि मग अंदाजाने दुसरी घेतली जाते.

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटातच, सोबत प्रिस्क्रिप्शन. चेक-इनच्या सामानात इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

थकव्याचं म्हणाल तर शरीर साधारण दिवसाला एक तास जुळवून घेतं, पूर्वेकडे जाताना जरा जास्तच कुरकुरतं. दुपारी डोळे मिटायला लागले तर अर्ध्या तासाचा गजर लावूनच आडवे व्हा. आणि पोहोचल्या दिवशी कुणी जेवायला बोलावलं तर सरळ नाही म्हणा. त्यांना वाईट वाटलं तरी चालेल.